काचेच्या बरण्या वर्षानुवर्षं टिकतील अशा बंद कशा करायच्या? (लिंबू, संत्रं आणि नागपूरचा मे महिना)

संत्रानगरची_सून
नमस्कार मंडळी. काटोलकडच्या नातेवाइकांनी कागदी लिंबांचं अर्धं पोतं आणून टाकलंय आणि मृगाची संत्रीही आता बाजारात छान यायला लागलीयेत, म्हणून यंदा दोन गोष्टी करायच्या मनात आहेत. एक, बिनतेलाचं लिंबाचं लोणचं, जे चार-पाच वर्षं मुरवत ठेवायचं, अगदी काळं कुळकुळीत होईपर्यंत (सासूबाईंच्या माहेरी असं होतं म्हणे, ताप आला की तोंडाला चव यायला त्यातली एक फोड द्यायचे). दुसरं, संत्र्याचं मार्मालेड (सालांसकट केलेला जॅम), ते वर्षभर टिकलं तरी पुरे.

प्रश्न बरण्या बंद करण्याचा आहे. घरात तीन प्रकार आहेत: तारेच्या क्लिपवाल्या रबराच्या रिंगच्या, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाच्या जुन्या, आणि सॉस-कॉफीच्या रिकाम्या बाटल्या. एका व्हिडिओत सांगतात वरून मेण ओता, दुसऱ्यात सांगतात गरम भरा आणि बरणी उलटी ठेवा, आणि आई म्हणते काही करू नको, फडकं बांध. डोकं चालेनासं झालंय. सगळ्याला चालेल अशी एक पद्धत सांगा ना कुणीतरी.

तर्रीबाज
ताई सील कशाले करता, घरचा पत्ता टाका फक्त. बरणी आपोआप रिकामी होते.

महालची_काकू
आई बरोबर सांगते गं. लिंबाचं लोणचं पहिले दोन-अडीच महिने हवाबंद करूच नकोस. मीठ लागलं की पाणी सुटतं, बुडबुडे येतात, ते आत कोंडलं तर झाकण तरी उडेल नाहीतर रस बाहेर येऊन फडताळभर चिकट होईल. आमच्याकडे तोंडाला जुन्या धोतराचा दादरा बांधायचे, दुहेरी, सुतळीने आवळून. उन्हात ठेवायची, ऊन उतरायच्या आधी आत आणायची. रोज बरणी दोन्ही हातांनी धरून हलवायची, चमचा घालायचा नाही.

आणि बरणी भरायच्या आधी हिंगाची धुरी. निखारा घ्यायचा, त्यावर खडा हिंग कुटून टाकायचा, थेंबभर तेल सोडायचं आणि धूर यायला लागला की धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली बरणी त्यावर उपडी धरायची. आतून काच धुरकट दिसायला लागली की लगेच झाकण. भरायच्या वेळीच उघडायचं. निखारा नसेल तर जाड तव्यावर वाटी तापवून कर, पण खिडकी उघडी ठेव, नाहीतर शेजारचे विचारायला येतात.

मुठेकाठचा
काकू, आदर आहे, पण धुरीने सील होत नाही, फक्त वास येतो. धागा सील करण्याबद्दल आहे. क्लिपवाली बरणी घ्या, रिंग नवी घाला, झालं.

तर्रीबाज
पुण्याचे लोक लोणच्यालेही वेळ देत नाहीत. दुपारी एक ते चार बरणीसुद्धा बंद.

लॅबवाला
(फूड टेकमध्ये काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा.)

सगळ्याला चालेल अशी एक पद्धत नाहीच, कारण या दोन गोष्टी टिकण्याची कारणंच वेगळी आहेत. बिनतेलाचं लिंबाचं लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणावर. किलोभर लिंबाला पाव किलोच्या आसपास मीठ पडलं आणि फोडी स्वतःच्या रसात बुडालेल्या राहिल्या की त्यात रोगजंतूंना फारसं काही करता येत नाही. तिथे झाकणाचं काम म्हणजे धूळ, मुंग्या आणि ओलावा बाहेर ठेवणं, आणि पुढे पाणी उडून जाऊ न देणं. व्हॅक्यूमची गरज नाही. काळं पडणं हा बिघाड नव्हे, क जीवनसत्त्व हळूहळू मोडतं, साखर घातली असेल तर तिचाही त्यात भाग असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं भराभर होतं.

मार्मालेडचं उलट. तिथे साखर (शिजून ६५ टक्क्यांच्या वर गेली पाहिजे), आंबटपणा, उष्णता आणि व्हॅक्यूम असे चौघं मिळून काम करतात. वर हवा राहिली की बुरशी पृष्ठभागावर येते. म्हणून ते खरंखुरं सील करायचं.

धुरीबद्दल: काकूंची पद्धत मोडीत काढू नका. गरम कोरड्या धुराने बरणीतला दमटपणा जातो, आणि लोणचं बिघडतं ते बहुतेक वेळा त्या दमटपणामुळेच. हिंगातल्या गंधकाच्या संयुगांचा जंतूंवर थोडा परिणाम होतो. पण त्याच्या भरवशावर मीठ कमी करू नका.

महालची_काकू
बघा. मुठेकाठच्या भाऊ, वाचलं का?

मुठेकाठचा
वाचलं. "थोडा परिणाम" हेही वाचलं.

जर्सीचा_नागपूरकर
इकडे अमेरिकेत आम्ही मेसन जार वापरतो, १८५८ साली जॉन लँडिस मेसनने पेटंट घेतलेली, म्हणून ते नाव. झाकण दोन भागांचं: एक चपटी चकती, तिच्या कडेला खालून सीलिंगचा मऊ थर, आणि तिला दाबून धरणारी वेगळी फिरकीची रिंग. चकती एकदाच वापरायची, रिंग कितीही वेळा. मार्मालेडसाठी माझी रीत: गरम बरणीत गरम माल, वर पाव इंच जागा सोडायची, काठ ओल्या स्वच्छ कपड्याने पुसायचा (साखरेचा एक ठिपका राहिला तरी सील बसत नाही), चकती ठेवायची आणि रिंग बोटांच्या टोकांनी लागेल तेवढीच फिरवायची. जोर लावून आवळली तर आतली हवा बाहेर कुठून जाणार? मग उंच पातेल्यात, तळाला टॉवेल, बरण्यांवर इंचभर पाणी येईल इतकं भरून १० मिनिटं खळखळ उकळायचं. बाहेर काढून टॉवेलवर ठेवायच्या, ग्रॅनाइटच्या ओट्यावर नको, तडकतात. थंड होताना टक् टक् आवाज येतात, त्या आवाजासाठी मी किचनमध्ये उगाच थांबून राहतो.

दुसऱ्या दिवशी रिंग काढा, चकतीच्या मधोमध बोट दाबा. खालीवर होत असेल तर सील नाही, ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा.

आणि एक गंमत. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून इकडच्या तक्त्यांत १००० फुटांच्या वर वेळ वाढवायला सांगतात. आपलं नागपूर ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या किंचित वर. काठावर पास! तरी ५ मिनिटं जास्त द्या, काही बिघडत नाही.

गच्चीवरचं_ऊन
एवढं पातेलं कशाला? कुकरमध्ये तळाला जाळी ठेवायची, बरण्या ठेवायच्या, तीन शिट्ट्या, विषय संपला. मी भाज्यासुद्धा करते अशा, मटार, गाजर सगळं. उलट कुकर जास्त तापतो ना?

लॅबवाला
ताई, मटार-गाजर प्लीज नको. कुकर तापतो हे बरोबर, पण शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो, बरणीतला रस उसळून झाकणाच्या कडेला येतो आणि सील बिघडतं. शिवाय बरणीच्या मध्यापर्यंत किती तापमान किती वेळ पोचलं हे शिट्ट्या मोजून कळत नाही.

खरी भीती वेगळी आहे. आंबट नसलेल्या वस्तूत (पीएच ४.६ च्या वर, म्हणजे मटार, गाजर, मका, मांस, लसूण) बॉट्युलिझमच्या (जिवावर बेतणारी अन्नविषबाधा) जंतूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना ११६ ते १२१ अंश लागतात, तेही पुरेसा वेळ. आणि हे जंतू हवा नसते तिथेच वाढतात, म्हणजे आपण प्रेमाने व्हॅक्यूम करून त्यांना घर बांधून देतो. वास येईलच असं नाही, रंगही बदलेलच असं नाही. मटार फ्रीझरमध्ये टाका.

लिंबू, कैरी, आवळा, संत्र्याचा जॅम यांचा आंबटपणा या रेषेच्या बराच खाली असतो, म्हणून तिथे एवढी धास्ती नाही.

सावजी_फॅन
थांबा थांबा, लसूण म्हणालात? मी लसूण-खोबरं-मसाल्याचं वाटण तेलात परतून, बरणीत वर तेल सोडून महिनाभर बाहेरच ठेवतो. आईपण ठेवायची. काही नाही झालं आजपर्यंत.

लॅबवाला
भाऊ, खडखडीत होईपर्यंत परतलं, पाण्याचा अंश उरला नाही, तर धोका कमी. पण ओलसर लसूण तेलाखाली बाहेर ठेवणं हे पुस्तकात उदाहरण म्हणून देतात असं काम आहे. तेलामुळे हवा तुटते आणि लसणाला आंबटपणा नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवं तर फ्रीझर. छोट्या डब्यांत भरा, एका रश्शाला एक डबी.

सावजी_फॅन
फ्रीझरमध्ये पोराचं आइसक्रीम आहे, जागा नाही. पण ठीक, करतो. बायकोनेही धागा वाचलाय.

तर्रीबाज
आइसक्रीमले लसणाचा वास लागला की पोट्ट्याची सवयही सुटते. एका दगडात दोन पक्षी.

घरगुती_उद्योग
मी बचत गटात आहे, लोणची-मुरांबे प्रदर्शनात विकतो आम्ही, म्हणून झाकणांबद्दल बोलते, कारण बरणीपेक्षा झाकणातच पैसे वाचवायला जातात लोक.

सॉसच्या बाटलीचं जे पाव वळसा फिरवून लागणारं झाकण असतं त्याला आमच्यात लग कॅप म्हणतात. ५३, ६३, ७०, ८२ एमएम असे माप असतात. आतल्या बाजूला मऊ गादी असते, ती गरम मालाने मऊ होऊन काठाला चिकटते आणि थंड झालं की व्हॅक्यूम धरते. एकदा वापरलं की त्या गादीवर काठाची खाच पडते, दुसऱ्या वेळी तीच खाच तशीच बसेल याची गॅरंटी नाही, त्यात जुन्या सॉसचा वास गादीतून जात नाही, तुमच्या मार्मालेडला टोमॅटो-लसणाचा वास येणार म्हणजे येणार. बाटली ठेवा, झाकण नवं घ्या.

आणि लोणच्याला पत्र्याचं झाकण नकोच. मीठ आणि लिंबाचा आंबटपणा मिळून आतलं संरक्षक कोटिंग जिथे खरचटलंय तिथून गंज सुरू करतात. मागे एका ठोक दुकानातून आणलेल्या झाकणांचं कोटिंगच धड नव्हतं, पावसाळा संपेपर्यंत आतून तांबडे ठिपके, सगळा माल घरातच वाटावा लागला. लोणच्याला काचेचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं झाकण.

तेलाच्या लोणच्यात तर झाकणापेक्षा तेलच जास्त राखण करतं. विकायच्या लोणच्याला एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नियमात तेल मालाच्या वर किमान अर्धा सेंटिमीटर किंवा एकूण १० टक्के तरी असावं असं आहे. घरी आम्ही बोटाच्या पेराएवढं ठेवतो. तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड करूनच ओतायचं.

संत्रानगरची_सून
बापरे, केवढं कळलं. मग मेणाचं काय? आणि उलटी बरणी?

जर्सीचा_नागपूरकर
मेण इकडे जुने लोक जॅमवर ओतायचे, आता सांगत नाहीत. थंड होताना ते आकसतं, कडेला बारीक फटी पडतात, आणि वर छान दिसत असताना खाली बुरशी धरते. उलटी करून ठेवलं की झाकण चिकटतं हे खरं, पण सील अर्धवट बसतं, कधी सुटतं कळत नाही. शिवाय जॅम झाकणाला लागून काठावर येतो.

गच्चीवरचं_ऊन
मेणाचं मी वेगळं सांगते, नागपूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवलेलं मेण मऊ पडतं हो. आमच्याकडे देवाच्या मेणबत्त्या वाकतात.

महालची_काकू
हे मात्र खरं. आणि कूलरचं कुणी बोललंच नाही! सगळे म्हणतात नागपूर कोरडं, पण एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर चालतो ना, घरात पावसाळ्यासारखा दमटपणा. पापड सादळतात, मिठाची बरणी ओली होते, आणि लोणच्याची बरणी कूलरच्या झोतात असेल तर दादरा दमट होऊन त्यावरच आधी बुरशी येते. माझ्या बरण्या माजघरात, कूलरच्या उलट भिंतीला, खालच्या फळीवर असतात. वरची फळी तापते. आमचा जुना वाडा आहे, भिंती जाड, तिथे मे महिन्यातही गार असतं. फ्लॅटमध्ये राहत असशील तर पलंगाखाली ठेव, हसू नकोस.

तर्रीबाज
पलंगाखाली लोणचं, फ्रीझरमध्ये लसूण. पाहुण्यांनी झोपाचं कुठं अन् खाचं काय?

लॅबवाला
कूलरचा मुद्दा एकदम पटला, माझ्याही डोक्यात नव्हता. सीलबंद माल ३५ अंशांच्या वर ठेवू नये असं सांगतात, आणि आपल्याकडे बाहेर ४५ असताना बंद खोलीत ३८-४० सहज होतं. लगेच विषारी होत नाही, पण मार्मालेड तपकिरी पडतं, चव उतरते. मार्च ते जून ते सगळ्यात थंड कोपऱ्यात, आणि काचेला कागद गुंडाळून किंवा खोक्यात. काचेतून उजेड जातो, संत्र्याचा रंग उडतो.

मुठेकाठचा
क्लिपच्या बरणीवर कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. या बरणीचा फायदा असा की आत गॅस झाला तर रबर थोडं ढिलं होऊन गॅस बाहेर सोडतं, पण बाहेरची हवा सहज आत येत नाही. म्हणजे काकूंच्या दादऱ्यानंतरच्या टप्प्याला ही उत्तम. रबर मात्र दर वर्षी बघा: दुमडून पाहायचं, भेगा दिसल्या की टाकून द्यायचं. तुमच्याकडच्या उन्हात ते आणखी लवकर कडक होत असणार. आणि सगळ्या क्लिपच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या लायकीच्या नसतात, नुसत्या शोभेच्याही मिळतात, जाड काच, आत बुडबुडे. त्यात चहा-साखर ठेवावी.

महालची_काकू
हे छान सांगितलंत भाऊ. दादऱ्यानंतरच्या टप्प्याला म्हणालात, म्हणजे दादरा मान्य.

मुठेकाठचा
मान्य. धुरीबद्दल अजून विचार करतोय.

वऱ्हाडी_बायको
संत्र्याबद्दल कोणी बोलून नाही राहिलं म्हणून लिहिते. आपलं नागपुरी संत्रं गोड, त्याच्यात आंबटपणा कमी, नुसत्या संत्र्याचं मार्मालेड नीट सेट होत नाही. लिंबू पिळायचं, बिया फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोबत शिजवायच्या, बियांत पेक्टिन असतं, त्यानेच ते घट्ट जमते. आणि काढलेला रस रात्रभर ठेवायचा नाही, कडू होते. सकाळी पिला तेव्हा गोड अन् संध्याकाळी कडू, असं काहून होते बाप्पा कोणी सांगाल का?

लॅबवाला
फळातल्या एका बिनकडू पदार्थाचं रस काढल्यावर आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन जाम कडू. गरम केल्यावर आणखी लवकर होतं. बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यात ते जास्त, म्हणून बिया मिक्सरमध्ये फुटू देऊ नका. पुरचुंडीत अख्ख्या शिजवायला हरकत नाही, थोडा कडवटपणा मार्मालेडला हवाच असतो. आवडत नसेल तर बियांऐवजी लिंबाची सालं पुरचुंडीत घाला.

वऱ्हाडी_बायको
हाव, आता समजलं. म्हणूनच ठेल्यावाला समोरच पाजते.

अनामिक_वाचक
विषयांतर: डाळ-तांदूळ काचेच्या बरणीत ठेवले तर सोंडे होत नाहीत का?

महालची_काकू
सोंडे बाहेरून येत नाहीत, दाण्यातच अंडी असतात. कडक ऊन दाखव, थंड होऊ दे, मगच भर. गरम भरलंस तर झाकणाला आतून घाम येईल. पण यासाठी वेगळा धागा काढ, नाहीतर रात्रभर हेच चालेल.

संत्रानगरची_सून
परत मूळ मुद्द्यावर येते. लिंबं आज चिरली, मीठ लावलं, धुरीही दिली (शेजारच्या काकू खरंच विचारायला आल्या, जाताना दहा लिंबं घेऊन गेल्या). सध्या दादरा. पावसाळ्याच्या आधी क्लिपच्या बरणीत हलवणार. एकच शंका राहिली: हलवताना फोडी रसाच्या वर राहिल्या तर? चार-पाच वर्षांत रस आटणारच ना थोडा?

घरगुती_उद्योग
मोठी बरणी अर्धी ठेवू नको, छोट्या दोन बरण्या गळ्यापर्यंत भर. वर जितकी मोकळी हवा तितकी फोड सुकते. रस कमी पडला तर ताज्या लिंबाचा रस पिळून त्यात मीठ विरघळवून वरून घाल, पाणी अजिबात नाही. आणि रोज खायची बरणी वेगळी काढ. मुरवायची जी आहे ती वर्षातून एकदा बघायला उघडायची, बस.

लॅबवाला
+१. बरणीवर तारीख आणि मिठाचं प्रमाण लिहून चिकटवा. तिसऱ्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

संत्रानगरची_सून
मार्मालेडच्या बाटल्यांना ६३ ची नवी झाकणं बघायला इतवारीत गेले होते, दुकानदार सुटी देत नाही, पाकीटच घ्या म्हणतो. मला बारा-पंधराच हवीत. कुणाला निम्मी हवी असतील तर मेसेज करा, शनिवारी आणते.

गच्चीवरचं_ऊन
मला वीस. पण माझ्या बाटल्या ६३ च्या आहेत की ७० च्या कसं कळणार?

घरगुती_उद्योग
मोजायला जाऊ नका, पट्टीने चुकतं. जुनं झाकण सूनबाईंकडे पाठवा, दुकानात त्यावर नवं ठेवून बघितलं की लगेच कळतं. आणि घेताना आतली गादी नखाने दाबून बघा, मऊ लागली पाहिजे, कडक असेल तर तो जुना साठा आहे, पाकीट बदलून मागा.

वऱ्हाडी_बायको
मलेही दहा. शनिवारी इतवारीतच आहे मी, तिथंच घेते.